सिग्नलला उभी राहिली की गाडी बंद का पडते? जुन्या मोटारसायकलच्या कार्ब्युरेटरचे दुखणे ओळखायचे कसे?

चाकणचा तळेगाव चौक, सकाळी जनरल शिफ्टची वेळ. पुणे-नाशिक महामार्गावर कंटेनर, कंपन्यांच्या बस आणि त्यांच्या फटींतून वाट काढणाऱ्या दुचाकी. वाहतूक थांबते, आणि दहा-पंधरा वर्षे वापरलेली एखादी मोटारसायकल दोन-तीनदा अडखळून गप्प होते. बटण दाबले तर स्टार्टर नुसता घरघरतो. किक मारायला पाय टाकावा, तर मागचा टेम्पो हॉर्नवरचा हात काढत नाही. गाडी सुरू होईपर्यंत सिग्नल पुन्हा लाल झालेला असतो आणि गेटवर लेट मार्क ठरलेला.

गंमत अशी, की हीच गाडी मोशीपासून चाकणपर्यंत साठच्या वेगाने काही कुरबूर न करता आलेली असते. त्यामुळे अनेकांना वाटते, इंजिन ठीक आहे, फक्त ‘रेस थोडी वाढवून घेऊ’. कोपऱ्यावरचा मेकॅनिक कार्ब्युरेटरच्या बाजूचा स्क्रू अर्धा फेरा फिरवून देतो, गाडी जोरात गुरगुरते, बंद पडत नाही. आठवड्याभराने तीच तक्रार परत येते. शेवटी ‘कार्ब्युरेटर गेला, नवा टाका’ हा सल्ला मिळतो आणि हजार-दोन हजार रुपये खर्चूनही गाडी सिग्नलला बंद पडतेच, कारण दोष कार्ब्युरेटरमध्ये नव्हताच, असेही बऱ्याचदा निघते.

कार्ब्युरेटरच्या गाड्या अजून किती दिवस?

देशात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या दुचाकींमधून कार्ब्युरेटर जवळपास हद्दपार झाला. त्याची जागा इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शनने घेतली. पण रस्त्यावरच्या गाड्या एका तारखेला बदलत नाहीत. दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि तपासणीनंतर तिचे पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. म्हणजे २०१९ च्या अखेरीस घेतलेली कार्ब्युरेटरची गाडीसुद्धा २०३४ पर्यंत नूतनीकरणाशिवाय रस्त्यावर राहू शकते.

पिंपरी-चिंचवडमध्ये तर या गाड्यांशी नाते जुने आहे. आकुर्डीत बजाजचा कारखाना, त्यानंतर चाकणचा. पहिली पल्सर नोव्हेंबर २००१ मध्ये बाजारात आली आणि चाकणमध्ये बनलेल्या या गाड्या ‘एमएच-१४’ची पाटी लावून पुढची दोन दशके याच पट्ट्यात धावत राहिल्या. आकुर्डीतले दुचाकींचे उत्पादन २००७ मध्ये थांबले. त्याच आवारात २०२२ पासून इलेक्ट्रिक चेतक बनू लागली. कारखान्यातून कार्ब्युरेटर गेला, तरी तो कारखान्याबाहेरच्या पार्किंगमध्ये अजून रांगेने उभा आहे. अडचण अशी, की इंजेक्शनच्या गाड्यांवर शिकलेल्या नव्या मेकॅनिकच्या हाताखालून कार्ब्युरेटर फारसा जात नाही. त्यामुळे गाडीवाल्यालाच थोडे कळलेले बरे.

वेगात ठीक, उभी असताना बंद, असे का?

कार्ब्युरेटरमध्ये हवा एका अरुंद गळ्यातून जाते. तिथे तिचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि खालच्या वाटीतले पेट्रोल जेटमधून वर खेचले जाऊन हवेत मिसळते. अ‍ॅक्सिलरेटर पिळलेला असताना हे काम मोठ्या म्हणजे मेन जेटमधून चालते.

अ‍ॅक्सिलरेटर सोडला की गळा जवळपास बंद होतो. हवेचा झोत उरत नाही, मेन जेटवर ओढ राहत नाही. मग इंजिनला पेट्रोल मिळते ते एका वेगळ्या, छोट्या वाटेने. तिला मेकॅनिक ‘स्लो’ची लाइन म्हणतात. तिच्या तोंडाशी पायलट जेट किंवा स्लो जेट असतो. त्याचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असते. मेन जेटमधून सहज निघून जाणारा कचऱ्याचा कण किंवा वाळलेल्या पेट्रोलचा चिकट थर इथे अडकतो. म्हणूनच गाडी महामार्गावर छान पळते आणि चौकात मरते.

आयडलचा मोठा स्क्रू यात काय करतो? तो फक्त अ‍ॅक्सिलरेटर किंचित उघडा धरून ठेवतो. म्हणजे बंद पडलेली छोटी वाट दुरुस्त न करता मोठी वाट थोडी उघडून ठेवायची. काम भागते, पण गाडी गिअरमध्ये टाकताना ‘खट्’ आवाज येतो, उतारावर इंजिनचा ब्रेक लागत नाही, पेट्रोल जास्त जाते. आणि मिश्रण आधीच पातळ, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी असे असेल, तर इंजिन तापते ते वेगळेच.

आधी कार्ब्युरेटरला हात लावू नका

चांगला मेकॅनिक कार्ब्युरेटर शेवटी उघडतो. आधी एअर फिल्टर. चाकण, भोसरी, तळवडेच्या एमआयडीसी रस्त्यांवरची धूळ, खोदकामांची माती आणि अवजड गाड्यांचा धूर यात कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरची वाट पाहून चालत नाही. फिल्टर चोंदला की हवा कमी मिळते, मिश्रण जाड होते, प्लग काळा पडतो.

मग स्पार्क प्लग. तो काढून पाहणे ही सगळ्यांत स्वस्त तपासणी. टोकावर कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे. पांढरट, भाजल्यासारखा रंग असेल तर मिश्रण पातळ आहे. बिस्किटाचा किंवा फिकट तपकिरी रंग असेल तर मिश्रण ठीक आहे, आणि मग कार्ब्युरेटरऐवजी दुसरीकडे शोधलेले बरे. ओला, तेलकट प्लग निघाला तर प्रकरण पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलचे आहे. तिथे कार्ब्युरेटर कितीही साफ केला तरी उपयोग नाही.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते टॅपेट सेटिंगकडे. १०० ते १५० सीसीच्या बहुतेक गाड्यांत व्हॉल्व्हची ही फट ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या आसपास असते. गाडी जुनी होत जाते तशी ही फट कमी होऊ शकते. फट अजिबात उरली नाही की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, कॉम्प्रेशन गळते आणि त्याचा पहिला परिणाम दिसतो तो आयडलवर, तोही इंजिन तापल्यावर. टॅपेट सैल असतील तर टकटक आवाज तरी येतो. घट्ट झालेले टॅपेट आवाज करत नाहीत. गाडी ‘एकदम शांत चालते’ म्हणून मालक खूश असतो आणि सिग्नलला ती बंद पडत असते. थंड असताना व्यवस्थित, अर्ध्या तासाने बंद, अशी तक्रार असेल तर टॅपेट तपासल्याशिवाय कार्ब्युरेटर खोलू देऊ नये. ही फट इंजिन पूर्ण थंड असतानाच मोजतात, त्यामुळे गाडी रात्री गॅरेजला ठेवावी लागते. ‘दहा मिनिटांत करून देतो’ म्हणणाऱ्याकडून हे काम होत नाही.

शेवटी अ‍ॅक्सिलरेटर केबल. हँडल डावी-उजवीकडे पूर्ण वळवून पाहावे. वळवताना रेस वाढली, तर केबल ताणलेली किंवा चुकीच्या जागेतून गेलेली आहे. मुठीला दोन-तीन मिलिमीटर मोकळी हालचाल हवी.

गाडी स्वतःच सांगते, ऐकायचे कसे?

एवढे करूनही तक्रार राहिली, तर लक्षणांवरून वाट सापडते. सगळ्यांत उपयोगी चाचणी चोकची आहे. तापलेली गाडी आयडलवर अडखळते आहे, अशा वेळी चोक थोडा ओढावा. चोक मिश्रणात पेट्रोल वाढवतो. गाडी सुधारली, तर तिला पेट्रोल कमी पडत होते: पायलट जेट चोंदला आहे किंवा कुठून तरी जादा हवा शिरते आहे. गाडी आणखी बिघडली, काळा धूर आला, तर पेट्रोल आधीच जास्त होते.

अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर रेस लगेच खाली येत नाही, दोन-तीन सेकंद वर लटकते आणि मग उतरते, हे हवेच्या गळतीचे नेहमीचे लक्षण. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये रबराचा जोड असतो. वर्षानुवर्षे उष्णता खाऊन तो कडक होतो, त्याला भेगा पडतात. वरून पाहिले तर धडधाकट. हाताने वाकवला की भेगा उघडतात. गाडी आयडलवर ठेवून या जोडावर थोडे पाणी शिंपडले आणि आवाज बदलला, तर गळती तिथेच. काही जण यासाठी पेट्रोल किंवा कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा मारतात. शेजारी तापलेला सायलेन्सर असताना हा जीवघेणा उद्योग आहे, पाण्याने भागते. हा रबरी जोड काही शे रुपयांत मिळतो आणि तो न बदलता कार्ब्युरेटरवर केलेला सगळा खर्च वाया जातो.

गाडी उभी असताना कार्ब्युरेटरच्या खालच्या नळीतून पेट्रोल ठिबकत असेल, तर फ्लोटची सुई बसत नाही. वाटीत पेट्रोल भरले की फ्लोट तरंगून वर येतो आणि सुईने पेट्रोलची वाट बंद करतो. घरावरच्या पाण्याच्या टाकीतला फ्लोट व्हॉल्व्ह करतो तसेच. सुईच्या टोकावर कण अडकला किंवा टोक झिजले की पेट्रोल वाहत राहते. ते बाहेर पडले तर नशीब. आत सिलिंडरमध्ये आणि तिथून ऑइलमध्ये उतरले, तर ऑइल पातळ होते. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल तर ऑइल बदलल्याशिवाय गाडी चालवू नये.

पावसाळा आणि इथेनॉल

जून ते सप्टेंबर या तक्रारी वाढतात. कंपनीच्या उघड्या पार्किंगमध्ये पाळीभर पावसात उभी असलेली गाडी, टाकीच्या झाकणाचे कडक झालेले रबर, बंद पडलेली पाणी निचऱ्याची नळी, वॉशिंग सेंटरवर जोराच्या फवाऱ्याने धुणे. पाणी यातल्या कोणत्याही वाटेने टाकीत किंवा फिल्टरमध्ये पोचते. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने ते तळाशी, कार्ब्युरेटरच्या वाटीत बसते. वाटीच्या खाली निचऱ्याचा एक स्क्रू असतो. इंजिन थंड असताना, पेट्रोल कॉक बंद करून तो सैल करावा आणि वाटीतले पेट्रोल पारदर्शक बाटलीत घ्यावे. बाटलीच्या तळाशी पाण्याचे गोळे किंवा वेगळा थर दिसला तर निदान झाले. तांबूस कण दिसले तर टाकी आतून गंजली आहे. मग टाकी साफ केल्याशिवाय आणि पेट्रोलच्या नळीत फिल्टर टाकल्याशिवाय कार्ब्युरेटर दर महिन्याला साफ करावा लागेल.

आता यात इथेनॉलची भर पडली आहे. वीस टक्के इथेनॉलचे ई-२० पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून टप्प्याटप्प्याने आले आणि आता बहुतेक पंपांवर तेच मिळते. जुन्या कार्ब्युरेटरच्या दृष्टीने त्याचे तीन गुण महत्त्वाचे. एक, इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन असल्याने त्याला जळायला हवा कमी लागते. साध्या पेट्रोलच्या एका भागाला सुमारे १४.७ भाग हवा लागते, शुद्ध इथेनॉलला सुमारे ९. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर हा फरक ओळखून पेट्रोल वाढवतो. कार्ब्युरेटरचा जेट म्हणजे पितळेतले ठरावीक छिद्र, तो काही ओळखत नाही. त्यामुळे जी गाडी आधीच थोडी पातळ मिश्रणावर चालत होती, ती आता अडखळू लागते. दोन, इथेनॉल जुन्या टाकीतला साठलेला थर सोडवते आणि तो थर नेमका पायलट जेटमध्ये जाऊन बसतो. तीन, ते पाणी शोषते. थोडे पाणी त्यात विरघळून जळून जाते, पण मर्यादेपलीकडे गेले की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी वेगळा थर धरतात, आणि गाडी त्या थरावर चालत नाही.

मायलेजबद्दलची धास्ती मात्र जरा जास्तच पसरली आहे. मूळ साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या दुचाकींत ई-२० वर ३ ते ४ टक्के घट होईल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात आहे. मायलेज पंधरा-वीस टक्क्यांनी पडले असेल तर केवळ इथेनॉलला दोष देऊन गप्प बसू नये. ब्रेक जॅम, चोंदलेला फिल्टर, अडकलेला चोक यांपैकी काहीतरी आहे. रबरी भागांचा प्रश्न खरा आहे. काही जुन्या वाहनांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, असे पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये म्हटले होते. कार्ब्युरेटर उघडलाच आहे, तर वाटीचे गॅस्केट, ओ-रिंग आणि पेट्रोलची नळी एकदम बदलून घेणे स्वस्त पडते. महिनाभर गावी जायचे असेल तर वाटीतले पेट्रोल काढून टाकावे.

साफ करताना काय बिघडते?

जेट तारेने किंवा सुईने टोचणे ही सर्रास होणारी चूक. जेट पितळेचा, तार पोलादाची. छिद्र केसभर जरी मोठे झाले तरी मिश्रण कायमचे बिघडते आणि ते परत लहान करता येत नाही. क्लीनरमध्ये भिजवून दाबाची हवा मारणे पुरते. हवा फक्त जेटला नाही, तर कार्ब्युरेटरच्या अंगातल्या बारीक वाटांनाही मारावी लागते. नुसता जेट चमकवून परत बसवलेला कार्ब्युरेटर चार दिवसांत पुन्हा येतो तो यामुळे. पल्सरसारख्या अनेक गाड्यांच्या कार्ब्युरेटरमध्ये वरच्या झाकणाखाली पातळ रबरी पडदा असतो. त्याला क्लीनर लागला तर तो फुगतो आणि मग जागेवर बसत नाही, म्हणून तो आधी काढून ठेवायचा. गळ्यावर सेन्सर लावलेला असेल तर त्याच्या जागेला हात लावू नये.

मिश्रणाचा छोटा स्क्रू काढण्यापूर्वी तो पूर्ण आत जाईपर्यंत किती फेरे बसतात, ते मोजून लिहून ठेवावे. मोबाइलवर फोटो काढला तरी चालेल. हा स्क्रू आत घट्ट आवळला तर त्याचे टोक आणि बसण्याची जागा दोन्ही खराब होतात.

स्क्रू कोणता, कोणत्या बाजूला फिरवायचा?

इथे मेकॅनिकांमध्येही वाद होतात, आणि दोघेही आपापल्या गाडीपुरते बरोबर असतात. मिश्रणाचा स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा नियंत्रित करतो. आत आवळला की हवा कमी आणि मिश्रण जाड. तोच स्क्रू इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलमिश्रित हवा सोडतो. बाहेर सैल केला की मिश्रण जाड. एका गाडीची सवय दुसऱ्या गाडीवर लावली की उलटेच होते.

सेटिंग नेहमी तापलेल्या गाडीवर करायची, म्हणजे निदान चार-पाच किलोमीटर चालवल्यावर. आधी आयडलचा मोठा स्क्रू मॅन्युअलमधल्या आकड्याला आणावा. या वर्गातल्या बहुतेक गाड्यांत तो १,३०० ते १,५०० आरपीएमच्या दरम्यान असतो. मग छोटा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत रेस सर्वांत जास्त आणि आवाज सर्वांत एकसारखा होईल ती जागा शोधावी. तिथे रेस वाढली तर मोठ्या स्क्रूने ती परत खाली आणायची. छोटा स्क्रू दोन-तीन फेरे फिरवूनही आवाजात काहीच फरक पडत नसेल, तर ‘स्लो’ची लाइन अजून बंद आहे. कार्ब्युरेटर पुन्हा खोलावा लागेल.

एक फुकटची मदत बहुतेक जण खिशात घेऊन फिरतात. पीयूसीच्या प्रमाणपत्रावरचे आकडे आयडलवरच घेतलेले असतात. एप्रिल २००० नंतरच्या आणि बीएस-४ च्या आधीच्या चार-स्ट्रोक दुचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३.५ टक्के आणि हायड्रोकार्बनची ४,५०० पीपीएम आहे. कार्बन मोनॉक्साइड मर्यादेला टेकलेला असेल तर मिश्रण जाड. तो अगदी कमी पण हायड्रोकार्बन भरपूर, असे असेल तर पेट्रोल न जळताच बाहेर पडते आहे: प्लग, टॅपेट किंवा हवेची गळती. सायलेन्सरमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर दोन्ही आकडे मुळातच कमी येतात, हे लक्षात घ्यावे. अर्थात त्यासाठी केंद्रावरच्या माणसाने नळी खरोखर सायलेन्सरमध्ये घातलेली असायला हवी.

दुरुस्तीनंतर गाडी लगेच घेऊन निघू नये. गॅरेजसमोर पाच मिनिटे आयडलवर चालू ठेवावी, हेडलाइट लावावा, ब्रेक दाबून इंडिकेटर चालू करावेत, हँडल दोन्ही बाजूंना वळवावे, अ‍ॅक्सिलरेटर झटकन पिळून सोडावा. रेस लटकू नये आणि गाडी बंद पडू नये. मग एक फेरी मारून, इंजिन पूर्ण तापल्यावर, पुन्हा एकदा तेच करून पाहावे आणि त्यानंतरच पैसे द्यावेत.